हैदराबादची वाट आणि साथीदारांची नावे
(महाजन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीत नाटकाचा इतिहास सांगताना वक्ते बहुधा पडदा उघडल्यापासून आरंभ करतात. नांदी झाली, नायिका रंगमंचावर आली, टाळ्या पडल्या, वन्समोअर मिळाले, एवढ्यावर तो इतिहास संपतो. परंतु पडदा उघडण्यापूर्वीही एक दिवस उगवलेला असतो. तो दिवस प्रवासाचा, ओझ्याचा, जकातीचा आणि उपासाचा असे. आणि त्या दिवसाचा भार ज्यांनी वाहिला त्यांची नावे जाहिरातीच्या कागदावर क्वचितच छापली गेली. आजचा विषय त्या दिवसाचा आहे, आणि त्यासाठी हैदराबादची वाट निवडली आहे. कारण आपल्या गोमंतकातील वादकाला त्या वाटेवर तीन राज्ये, तीन नाणी आणि दोन प्रकारचे रूळ ओलांडावे लागत. पुढे जो दिवस वर्णिला आहे तो कोणा एका मंडळीचा नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या वाटेने गेलेल्या वादकांना ज्या ज्या गोष्टींतून जावे लागे, त्या एका दिवसाच्या सूत्रात ओवल्या आहेत इतकेच.

मडगावला आगगाडीत बसलेला सारंगिया किंवा तबलजी प्रथम कुळ्याला थांबे. मुरगावहून निघालेली ही लोहमार्गाची वाट १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. पोर्तुगीज व इंग्रज सरकारांतील १८७८ च्या तहाने दोन्ही मुलखांची जकात काही काळ एक झाली होती. परंतु तो तह १८९२ मध्ये संपला आणि जकातनाकी पुन्हा उभी राहिली. कुळ्याला पोर्तुगीज शिपाई पेटी उघडी, घाट चढून गेल्यावर कॅसलरॉकला इंग्रजांचा शिपाई तीच पेटी पुन्हा उघडी. दूधसागराचे तुषार अंगावर घेत चढलेली गाडी वरती पोहोचेतो तबल्याच्या पुड्या दमट हवेने सैल पडलेल्या असत. त्यांत हात घालून अधिकाऱ्याने आत काही लपविले आहे काय हे पाहावे, आणि वादकाने हात जोडून “साहेब, चामडे आहे, हळू,” असे म्हणावे, एवढाच त्याचा अधिकार.

पुढे लोंढा, हुबळी, गदग, विजापूर असा अरुंद रुळांचा प्रवास होटगीला संपे. तेथे रुंद रुळांची गाडी धरायची. एकट्या माणसाला गाडी बदलणे म्हणजे एक पिशवी उचलणे. नाटक मंडळीला गाडी बदलणे म्हणजे बिऱ्हाड हलविणे. पडदे, विंगा, कपडेपटाच्या पेट्या, दागिन्यांची पेटी, पायपेटी अथवा ऑर्गन, तंबोरे, स्वयंपाकाची पितळी भांडी, आचारी, पाणके, नट, त्यांची मुले आणि वयोवृद्ध नातलग, हे सर्व एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर न्यायचे. लहान मंडळीतही चाळीस-पन्नास माणसे असत. पडदा फाटला तर शिवता येतो, पण तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर त्या मुक्कामात दुसरा मिळत नाही. म्हणून सामान हमालाच्या डोक्यावर गेले तरी तंबोरा व सारंगी वादकाच्या मांडीवरच असे; आणि गाडीत जागा अपुरी पडली तर माणूस उभा राही, वाद्य बसे.

होटगीहून वाडी, आणि वाडीहून निजामाच्या रेल्वेने हैदराबाद. वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ सालीच सुरू झाला होता. निजामाच्या राज्यात शिरताना आणखी एक जकात आडवी येई. तिला तिकडे ‘करोडगिरी’ म्हणत. भरजरी शालू विकावयाचे नसून नेसावयाचे आहेत आणि नेसणारी स्त्री नसून पुरुष आहे, ही गोष्ट करोडगिरीच्या कारकुनाला समजावून सांगणे हे मंडळीच्या व्यवस्थापकाचे काम असे. ते मिटेपर्यंत उन्हात उभ्या असलेल्या माणसांना पाण्याखेरीज दुसरा आधार नसे.

त्यानंतर नाण्याचा प्रश्न. गोव्यातून निघताना खिशात पोर्तुगीज रुपये आणि तांगे. ब्रिटिश मुलखात कलदार. आणि हैदराबादेत निजामाचा ‘हाली’ शिक्का. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा त्यांचा ठरलेला दर होता. म्हणजे तिकीटविक्रीचे सातशे रुपये आले असे ऐकून नट हरखला, तरी व्यवस्थापकाच्या वहीत ते सहाशेच भरत. आणि परतीचे रेल्वेभाडे कलदारातच द्यावे लागे. या फरकाची झळ ज्याचा पगार सर्वांत लहान त्याला सर्वांत आधी लागे. गावी आईला पाठवावयाच्या पैशांतून ती वजावट होई.

इतके कष्ट सोसून हैदराबादला का जावे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे की ते कान असलेल्यांचे शहर होते. दिल्ली दरबारचे तानरस खाँ अखेर तेथेच स्थिरावले आणि तेथेच वारले. पुढे १९६८ मध्ये उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांनीही त्याच शहरात देह ठेवला. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता. त्यामुळे सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबे नांदत होती. केशवराव कोरटकरांसारख्या पुढाऱ्यांच्या परिश्रमाने उभी राहिलेली विवेकवर्धिनी शाळा आणि तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय यांनी त्या लोकांची भाषा जागती ठेवली. राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या नगरात रात्रभर मराठी पदे ऐकायला मिळणे, हे त्या कुटुंबांना माहेर भेटल्यासारखे वाटत असले पाहिजे.

आता त्या दिवसाची संध्याकाळ पाहा. गाडी उशिरा आलेली, हस्तपत्रके आधीच वाटलेली, प्रयोग आजच. आचाऱ्याने चूल पेटविण्यापूर्वी पडदे बांधावयाचे. नटाला घसा जपण्यासाठी निजायला सांगत; वादकाला निजता येत नसे. समुद्रकाठच्या ओल्या हवेत मढविलेली पुडी दख्खनच्या कोरड्या उन्हात ताणली जाऊन चढे. सारंगीची तात हवा पालटताच सूर सोडी किंवा तुटून हातावर बसे. दोन-दोन तास हातोडी व खुंटी घेऊन त्याने वाद्य वठणीवर आणावे, तेव्हा कोठे तिसरी घंटा होई. मग रात्री नऊपासून पहाटेपर्यंत त्याची बोटे थांबत नसत. नायिकेचा सूर थकव्याने किंचित खाली आला तर सारंगी त्याच्याखाली हात धरी; विस्तारात गायक वाट चुकला तर तबलजी हलकेच सम दाखवी. प्रेक्षक म्हणत, आज गाणे काय रंगले! कसे रंगले हे रंगमंचापुढे बसलेल्या दोघा-तिघांनाच ठाऊक असे.

या रस्त्याने थोरांनाही सोडले नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले असता गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावरच बसून त्यांनी ईश्वराचे नाव सुरात घेतले आणि तेथेच प्राण सोडला. त्यांचा देह मिरजेस आणला गेला. ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु त्या फलाटावर त्यांच्याजवळ जे सोबती होते, त्यांची नावे या सभेत किती जणांना सांगता येतील?

हा प्रश्न दूरचा नाही; तो आपल्या देवळाच्या चौकातलाच आहे. मंगेशीच्या देवळात गायनसेवा करणाऱ्या येसूबाईंच्या पोटी मास्टर दीनानाथ १९०० साली जन्मले, आणि १९१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. कुर्डीच्या मोगूबाई १९१३ साली, अवघ्या नऊ वर्षांच्या असताना, चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत गेल्या. मंडळीला नाव पर्वतावरच्या देवाचे! पुढल्याच वर्षी त्यांची आई जयश्रीबाई निवर्तली आणि त्या पोरीला रस्ता हेच घर झाले. पर्वतकर खाप्रूमामा हातांनी, पायांनी व मुखाने एकाच वेळी निरनिराळे ताल सांभाळीत. नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर यांनी तबल्याची विद्या महाराष्ट्रभर वाटली. मंगेशकर, पर्वतकर, नागेशकर, कुर्डीकर: आपल्या देवांची व गावांची नावे या मंडळींनी आडनाव म्हणून सर्व देशात मिरविली. आपण मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे जतन केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १९३३ च्या रेगुलामेंताने महाजनांच्या नामावलीला कायद्याचे रूप आले. कोणाचे आजोबा केव्हा महाजन म्हणून नोंदले गेले, हे आपण दप्तर काढून दाखवू शकतो. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चौकात सारंगी, तबला, शहनाई आणि कंठ यांनी सेवा केली, त्यांना त्या नामावलीत स्थान नव्हते, मानही नव्हता. त्या चालीतील अन्यायाविरुद्ध ती घरे स्वतः उभी राहिली, शिकली, आपला समाज त्यांनी स्वतःच्या बळावर घडविला. त्यांना आज आपल्या उपकाराची गरज नाही. देणे आपले राहिले आहे.

ते फेडण्याचा एक लहानसा मार्ग आहे. देवस्थानच्या दप्तरात महाजनांच्या नामावलीशेजारी एक दुसरी वही असावी. तिच्यात प्रत्येक गायक-वादकाचे नाव, त्याच्या आईचे नाव, गाव, वाद्य, गुरू, कोणत्या उत्सवात सेवा केली, कोणत्या मंडळीबरोबर कोठवर प्रवास केला, एवढेच लिहावे. ज्या घरांतील ती माणसे, त्यांच्याकडे महाजनांनी जावे. त्यांना आपल्याकडे बोलावू नये. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरावे, आणि जे सांगू इच्छिणार नाहीत ते विचारू नये. घाई मात्र केली पाहिजे. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्याच्या खुणा पुन्हा दिसतात. माणसाची आठवण एकदा बुडाली म्हणजे कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाही.

हैदराबादेत पहाटे पडदा पडल्यावर वादक आपल्या वाद्याला गवसणी घाली, दिवा मालवी आणि सर्वांच्या शेवटी जेवायला बसे. त्या पंगतीत त्याचे पान मांडलेले असे की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. आपल्या दप्तरात त्याचे एक पान मांडणे मात्र अजून आपल्या हाती आहे.