चंदीगडचा गाळलेला तेरा

विसकटलेल्या गोष्टीला आपण ‘तीन तेरा’ म्हणतो. तेराच्या आकड्याला लौकिक म्हणून कधी लाभलाच नाही. १९५१ साली फ्रान्समधील ल कॉर्बूझिए याने चंदीगडची आखणी हाती घेतली. त्या शहरातील सेक्टरांना अनुक्रमांक मिळाले, त्यात बारानंतर एकदम चौदा आला. पाश्चात्त्यांच्या अपशकुनाचे कारण यासाठी सांगतात.

या शहराविषयी आणखी एक गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज करावी, तर तेराचा पाढाच हाती येतो. चार आणि नऊ, तेरा. नऊ आणि सतरा, सव्वीस. सतरा आणि बावीस, एकोणचाळीस. तेराला हाकलले, तरी तो मागच्या दाराने परत आला, असे वाटावे!

चमत्कार मात्र नाही. शेतात नांगर जसा एका तासाच्या शेवटी वळून परत येतो, तसे हे क्रमांक घातलेले आहेत. पहिल्या ओळीत १ ते ६, आणि दुसरीत उलट फिरून ७ ते १२. (कॅपिटॉलचा पहिला सेक्टर शहराच्या माथ्यावर थोडा अलग आहे, तेवढा सोडावा.) एका ओळीत एकाने वाढावे आणि समोरच्या ओळीत एकाने घटावे, म्हणून बेरीज ढळत नाही. आता तिसरी ओळ तेरापासून सुरू केली असती, तर बारासमोर तेरा येऊन बेरीज पंचवीस झाली असती आणि पाढा तिथेच तुटला असता. तेरा गाळला, बारासमोर चौदा आला, म्हणून सव्वीस जुळले. पाढा तेरा परत आल्यामुळे जुळलेला नाही. तो नसल्यामुळेच जुळला आहे.

हे डोळ्यांना दिसावे म्हणून मोजण्याची रीत बदलून पाहू. बाजारात आपण डझनाने मोजतो, कोडीने मोजतो. तसे तेराच्या गठ्ठ्यांनी मोजू. सतरा म्हणजे एक गठ्ठा आणि चार, म्हणून १४ असे लिहायचे. बावीस म्हणजे एक गठ्ठा आणि नऊ, म्हणजे १९. मग तो उभा रांगेतला क्रम होतो ४, ९, १४, १९. शेवटचा अंक चार, नऊ, चार, नऊ असा फिरतो, आणि गाळलेला तेरा या लिपीत १० असा दिसतो.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी प्रसिद्ध केलेला ६१७४ अंकांच्या मांडणीतून जन्मतो: ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४. दहाची रीत सोडली, की त्याची ही जादू ओसरते. चंदीगडच्या बेरजा मात्र कोणत्याही रीतीने लिहा, तेराने भागल्या जाणारच. तेराची लिपी त्यांना केवळ उघडे करते.

पाढा पुढेही चालावा, तर पंचवीसनंतर सव्वीसही गाळायला हवा होता. तो गाळला नाही. पूर्वेकडे दिला गेला. म्हणून बावीसच्या पलीकडे पस्तीस येतो, आणि सत्तावन्न तेराच्या पाढ्यात नाही. पुढे २०२० साली मनीमाजराला सेक्टर १३ हे नाव मिळाले. ते गाव या ओळींच्या बाहेर, पूर्वेला असल्याने जुन्या बेरजा होत्या तशाच राहिल्या.