संगणक सुरू होत नाहीं तेव्हां

घरांत मूल तापानें फणफणलें, म्हणजे शहाणी आई आधीं त्याच्या कपाळावर हात ठेवते, जीभ पाहते, काल काय खाल्लें याची आठवण करते, आणि मग औषधाचें नांव काढते. परंतु त्याच घरांतील संगणक एखाद्या सायंकाळीं सुरू झाला नाहीं, कीं हें शहाणपण कोणास आठवत नाहीं. एक जण बटन दहादां दाबतो, दुसरा पेटीवर थाप मारतो, तिसरा दुकानदारास दूरध्वनी करतो. आणि रोग कोणता हें कळण्यापूर्वींच शस्त्रक्रियेची तयारी होते.

पुण्यांतील एका कुटुंबांत असाच प्रसंग ओढवला. पावसाळ्यापूर्वीं घराला रंग द्यावयाचा म्हणून संगणकाचें टेबल खोलीबाहेर काढलें होतें. रंग वाळल्यावर तें जागेवर आलें, तारा जोडल्या गेल्या, आणि घरांतील कर्त्या मुलानें बटन दाबलें. दिवा लागला, आंतला पंखा फिरूं लागला. पडदा मात्र काळाच राहिला. पेटींतून थांबून थांबून टूं टूं असा आवाज येत होता. दुकानदार दूरध्वनीवर म्हणाला, "विंडोज गेली असेल. घेऊन या, फॉरमॅट मारून देतों." मुलगा तारा सोडूं लागला, तोंच आजोबा आरामखुर्चींतून उठले.

"थांब रे," ते म्हणाले, "फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणेंच ना? तुझ्या आईच्या ओव्या त्या पाटीवर आहेत."

दोन वर्षांपूर्वीं निवर्तलेल्या आजीनें नातीच्या आग्रहाखातर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, आणि नातीनें त्या संगणकांत भरून ठेविल्या होत्या. तो आवाज त्या एका पेटीशिवाय जगांत कोठेंही नव्हता.

आजोबांच्या बोलण्यांत माया होती, तसा तर्कही होता. तो उमगण्यासाठीं संगणक जागा कसा होतो हें पाहिलें पाहिजे. बंद संगणकाच्या रॅममध्यें, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या स्मरणांत, कांहींही शिल्लक नसतें. विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली हार्ड डिस्कवर निजलेली असते, आणि तिला उठविण्यासही कोणता तरी प्रोग्राम आधीं चालावा लागतो. हा पेंच मदरबोर्डावरील एका लहानशा चिपेनें सुटतो. तींत लिहून ठेविलेला प्रोग्राम वीज मिळतांच चालूं लागतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयनें घेतली आहे. तो प्रथम रॅम व इतर अवयव तपासतो, नंतर डिस्क शोधतो, आणि शेवटीं कार्यप्रणालीस रॅममध्यें आणून सारा कारभार तिच्या स्वाधीन करतो. इंग्रजींत या क्रियेस बूट होणें म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलणें, अशा अर्थाच्या एका जुन्या वाक्प्रचारावरून तो शब्द आला.

म्हणजे वाटेंत चार टप्पे आहेत: वीज, स्वपरीक्षा, डिस्कचा शोध आणि कार्यप्रणाली. संगणक यांपैकीं कोणत्या टप्प्यावर अडला, हाच पहिला प्रश्न होय. ज्या यंत्राची स्वपरीक्षाच पुरी झाली नाहीं, तें विंडोजच्या दारापर्यंत पोंचलेंच नाहीं. मग विंडोज पुसून नवी घालण्यानें काय साधणार?

दिवाही लागत नाहीं आणि पंखाही फिरत नाहीं, अशी स्थिति असेल, तर दोष पहिल्या टप्प्याचा. अशा वेळीं पेटीकडे न जातां भिंतीकडे जावें. त्याच सॉकेटांत टेबललॅम्प लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्ड व यूपीएस वगळून तार सरळ भिंतीला जोडावी. यूपीएसची बॅटरी कांहीं वर्षांनीं निकामी होते आणि आळ संगणकावर येतो. घरोघर जिला सीपीयू म्हणतात, त्या पेटीच्या पाठीमागें बहुधा एक लहान स्विच असतो. झाडलोट करतांना तो बंद होतो. इतकें पाहूनही जीव येत नसेल, तर एसएमपीएस गेला असण्याचा संभव मोठा. घरांतील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज करून देणारा हा डबा बदलावा, परंतु उघडूं नये. तार काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत धोकादायक वीज साठून राहूं शकते. लॅपटॉप असेल, तर चार्जर काढून त्याचें बटन अर्धा मिनिट दाबून धरावें, मग चार्जर लावून पुन्हां पाहावें. कित्येकदां एवढ्यानें काम होतें.

पंखा फिरतो, पण पडदा काळा, हें लक्षण दुसऱ्या टप्प्याचें. पडद्यास स्वतःची वीज व स्वतःची तार असते, ती आधीं तपासावी. पेटींत निराळें ग्राफिक्स कार्ड असेल, तर पडद्याची तार त्या कार्डालाच जोडलेली हवी. सामान हलविल्यावर येथें चूक होते. टूं टूं असा आवाज आला, तर तो त्रास न समजतां निरोप समजावा. पडद्यावर लिहितां येत नाहीं, म्हणून यंत्र आवाजानें बोलत असतें. त्या आवाजांचा अर्थ बनविणाऱ्याप्रमाणें बदलतो आणि मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेंत तो दिलेला असतो. पुष्कळदां ती रॅमचीच तक्रार असते. मग विजेची तार काढावी, बटन कांहीं सेकंद दाबावें, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, आणि रॅमची पट्टी काढावी. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलकेच फिरवावें, कण झटकावेत, आणि खिट्टी खट् आवाज करून बसेपर्यंत पट्टी परत दाबावी. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून पाहावी.

बनविणाऱ्याचें नांव पडद्यावर उमटतें आणि नंतर बूट करण्यास साधन सांपडत नाहीं असा मजकूर येतो, तेव्हां तिसरा टप्पा अडलेला असतो. त्या वेळीं विसरून राहिलेला पेनड्राइव्ह आधीं काढावा. रोज तारीख व वेळ चुकत असेल, तर मदरबोर्डावरील सीआर २०३२ नांवाचा ३ व्होल्टचा चपटा सेल संपला, असें समजावें. तो संपल्यावर डिस्क शोधण्याचा क्रमही यंत्र विसरूं शकतें. मात्र हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊं लागला, तर तत्काळ वीज बंद करावी. प्रत्येक नव्या प्रयत्नानें तींतील संग्रह अधिक धोक्यांत येतो.

विंडोज उठूं लागते आणि मध्येंच कोसळते, हा चौथा टप्पा. असें लागोपाठ घडल्यास विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढें करते. तेथून सेफ मोड, म्हणजे अगदीं मोजक्या परिवारानिशीं सुरू होण्याची सोय, मिळते. दिनांक १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणानें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक उठेनासे झाले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. भारतांतही कांहीं विमानप्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. परंतु त्या यंत्रांत मोडलें कांहींच नव्हतें. सेफ मोडमध्यें जाऊन एक सदोष फाइल काढतांच तीं चालूं लागलीं. तेथेंही पुष्कळ जण अडले, तें किल्लीपायीं. डिस्क कुलूपबंद असल्यास विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती आपल्या खात्यांतून काढून वहींत लिहून ठेवणें, हें काम यंत्र चालू असतांना करावयाचें असतें.

या सर्वांवर एकच नियम आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदललें तें कागदावर टिपावें. एकदम पांच गोष्टी बदलणाऱ्याचा संगणक कदाचित् सुरू होतो, पण कशानें सुरू झाला हें त्याला कळत नाहीं.

त्या पुण्याच्या घरीं पुढें काय झालें? आजोबांनीं कागद घेतला, नातीनें विजेरी धरली. तारा पाहिल्या, त्या ठीक होत्या. पेटी उघडली, तेव्हां रॅमच्या पट्टीची एक बाजू केसभर वर आलेली दिसली. टेबल हलवितांना धक्का बसला असावा. पट्टी खट् करून बसली, बटन दाबलें, आणि टूं टूं थांबून पडदा उजळला. खर्च शून्य.

मुलगा ओशाळून म्हणाला, "बाबा, मी तर पेटी देऊनच टाकत होतों."

आजोबा म्हणाले, "तें राहूं दे. आधीं तुझ्या आईला आणखी दोन ठिकाणीं ठेव."

त्याच रात्रीं त्या ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर झाली आणि दुसरी मुंबईस मुलीच्या घरीं गेली. कारण या खेपेस पट्टीच सैल होती. उद्यां डिस्कच गेली असती, तर आजोबांचा तर्क आणि नातीची विजेरी दोन्ही लंगडीं पडलीं असतीं. यंत्र बाजारांत पुन्हां मिळतें. त्यांत ठेवलेला माणसाचा आवाज मिळत नाहीं. म्हणून ज्याचा संगणक आज बटन दाबतांच सुरू होतो, त्यानें प्रत करण्याचें काम आजच उरकावें.