सहाजणींची यादी



बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, होळकरांचा इतिहास, बालकांचे मानसशास्त्र असे भारदस्त विषय झाले आहेत. संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'मैत्रिणींबरोबर केलेल्या उचापती' असे उत्तर दिले. दूरध्वनीवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. पुढे निमंत्रणपत्रिका हाती आली, तीत 'उत्तरायुष्यातील छंद आणि सख्य' असे छापलेले होते. शीर्षक संयोजकांचे आणि उचापती माझ्या. आपण दोन्ही सांभाळून घ्यावे.

ज्या यादीविषयी मी बोलणार आहे तिला आजकालची मुले 'बकेट लिस्ट' म्हणतात. इंग्रजीत मरण पावणे या अर्थी 'बादलीला लाथ मारणे' असा एक वाक्प्रचार आहे. ती लाथ मारण्यापूर्वी करून घ्यायच्या गोष्टींची यादी ती ही बादलीची यादी. आपल्याकडे घागर फोडतात, त्यांच्याकडे बादली लवंडते, प्रकार एकच. हा शब्द सर्वतोमुखी झाला तो २००७ साली आलेल्या त्याच नावाच्या हॉलिवूडच्या चित्रपटामुळे. रुग्णालयाच्या एका खोलीत भेटलेले दोन वयस्क रुग्ण उरलेल्या दिवसांत जग पालथे घालायला निघतात, अशी ती कथा. २०१८ साली मराठीतही 'बकेट लिस्ट' आला आणि माधुरी दीक्षित यांनी त्यात प्रथमच मराठी भूमिका केली. तीत एका गृहिणीच्या छातीत एका तरुण मुलीचे हृदय बसवतात आणि मग ही गृहिणी त्या मुलीची अपुरी राहिलेली यादी पुरी करते. चित्रपट मी आवडीने पाहिला; पण घरी येताना एक प्रश्न मनात राहिला. स्वतःची यादी करण्यासाठी आपल्या बाईला दुसरीचे हृदय का लागावे?

याद्यांचा विषय निघाला की जॉन गोडार्ड या अमेरिकन गृहस्थाचे नाव घ्यावेच लागते. १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरी बसून त्याने १२७ गोष्टी कागदावर उतरवल्या. नाईल नदीचा प्रवास, किलिमांजारोची चढाई, संपूर्ण एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे वाचन, थेट चंद्रावर जाऊन येणे. २०१३ साली तो वारला तोवर त्यांतल्या शंभराहून अधिक गोष्टी त्याने केल्या होत्या. चंद्र मात्र राहिला. मला त्या यादीतल्या दोन गोष्टी मोठ्या मौजेच्या वाटतात. नाईलचा प्रवास या साहसवीराने एकट्याने केला नाही. दोन फ्रेंच सोबती घेऊन छोट्या होड्यांतून केला. आणि विवाह करणे व मुले होणे हे कलम त्याने यादीच्या अगदी अखेरीस घातले होते. आम्हा सहाजणींची सुरुवातच तेथून झाली होती. म्हणजे सहापैकी पाचजणींची. सहावीने विवाह केला नाही, आणि तिला त्याबद्दल काय वाटते हे विचारण्याचे धाडस आम्ही अजून केलेले नाही.

आमची यादी जन्मली ती २०१७ सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात. आम्ही सहाहीजणी याच शाळेच्या, एकाच वर्गातल्या, साठी नुकती उलटलेल्या. बोलता बोलता लक्षात आले, की गेल्या दोन वर्षांत आमच्या भेटी एकतर मांडवात झाल्या होत्या, नाहीतर दहाव्या-तेराव्याला. तेव्हा एक दोनशेपानी वही आणली आणि नियम केले. प्रत्येकीने तीन गोष्टी लिहायच्या, एकूण अठरा. सहाहीजणींनी मिळून केल्याखेरीज कोणतीही गोष्ट झाली असे धरायचे नाही. खर्च स्वतःच्या बटव्यातून. आणि, हा नियम आमच्यातल्या सर्वांत भाविक मैत्रिणीने सुचवला, जिच्यामुळे पुण्य लागते अशी कोणतीही गोष्ट यादीत घ्यायची नाही. तिचे म्हणणे असे, की पुण्याच्या कामासाठी घरचे नेहमीच सोडतात. त्यासाठी वही कशाला?

या एका वाक्यात सगळा विषय आला होता, पण ते आम्हाला पुढे उमगले. आम्हाला वाटले होते, जानापावचा डोंगर चढणे अवघड जाईल. महू ओलांडल्यावर लागणारा, माळव्यातल्या सर्वांत उंच ठिकाणांपैकी हा एक, चंबळेचा उगम जेथे मानतात तो डोंगर. आम्ही तो पायी चढलो, चार वेळा बसलो, दोन वेळा भांडलो आणि वर पोचलो. सायकल शिकणे अवघड वाटले होते. तेही तिघींना आठ पहाटा घालून जमले. अवघड होते ते घराबाहेर चार तास असणे. त्या चार तासांचा हिशेब द्यावा लागतो. यात्रेचा देता येतो, बाळंतपणाचा, आजारपणाचा देता येतो. 'मला मौज वाटते म्हणून' हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. एकीने मागितली तर ती हौस ठरते. सहाजणींनी ठरवले तर त्याचा कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला नाही म्हणणे आपल्या घरांना जड जाते. 'त्या पाचजणी थांबल्या आहेत, मला गेलेच पाहिजे' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा उच्चारले आहे, की त्याला मंत्राचे सामर्थ्य आले आहे.

पहिले कलम सराफ्याचे होते. आपण सारे इंदूरकर. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली, की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात आणि रात्री एक-दोनपर्यंत बाजार पेटलेला असतो, हे मी सांगायला नको. पण आमच्यापैकी चौघींनी जन्म या शहरात काढूनही रात्री बारा वाजता, बरोबर कोणी पुरुष नसताना, तेथे पाऊल टाकले नव्हते. थंडीचे दिवस होते. गराडूवर लिंबू पिळून घेतले, भुट्ट्याचा कीस खाल्ला, ताटलीत न मावणारा जलेबा सहाजणींत वाटून घेतला. गाडीवाल्याने विचारले, "अम्माजी, साथ में कौन है?" आमची अविवाहित मैत्रीण म्हणाली, "भिया, हमारे साथ हम हैं." परत आल्यावर एका मैत्रिणीच्या चिरंजीवांनी दार उघडले आणि 'या वयात काय हे, आई?' असे विचारले. तिच्या यजमानांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि त्या तीन वर्षांत ती संध्याकाळनंतर बाहेर पडलीच नव्हती. त्या चिरंजीवांची गोष्ट पुढे येणार आहे. ध्यानात असू द्यावी.

पाताळपाणी ते कालाकुंड ही पर्यटकांसाठीची मीटरगेज गाडी रेल्वेने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली, आणि पुढच्याच पावसाळ्यात आम्ही तिच्यात बसलो. सारा घाट जेमतेम दहा किलोमीटरांचा. बोगदे, दऱ्या आणि डावीउजवीकडे कोसळणारे पाणी. हा मार्ग ज्या रेल्वेचा, ती होळकर संस्थानची. दुसऱ्या तुकोजीरावांनी तिच्यासाठी ब्रिटिश सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. सरकारला कर्ज देणारा हा राजा मला नेहमीच आवडत आला आहे. बोगदा आला की ओरडायचे, असे या कलमात स्पष्ट लिहिलेले होते. पहिल्या बोगद्यात आमच्या घशातून आवाज फुटेना. साठ वर्षांची सवय आडवी आली. दुसऱ्यात फुटला. शेजारच्या बाकावरची दोन लहान मुले घाबरून आईला बिलगली. कालाकुंडला उतरून पानाच्या द्रोणातला कलाकंद खाल्ला आणि तिसऱ्या मैत्रिणीचा मधुमेह त्या दिवसापुरता रजेवर पाठवला.

मांडूला तीन वेळा जावे लागले. कलम असे होते, की रूपमती मंडपातून नर्मदा पाहायची. कथा सर्वांना ठाऊक आहे: नर्मदेचे दर्शन झाल्यावाचून राणी अन्न घेत नसे. मूळची ती सैन्याची टेहळणीची जागा. खाली सरळ कडा तुटतो आणि निमाडचे मैदान पसरत जाते. पहिल्या खेपेस श्रावण होता आणि मंडपावर ढग इतके उतरले होते, की एकमेकींची तोंडे दिसेनात. दुसऱ्या खेपेस उन्हाची धुरकट झाक होती. तिसऱ्या खेपेस मार्गशीर्षातली सकाळ मिळाली आणि दूर, अगदी दूर, चांदीची तार ठेवावी तशी एक रेघ दिसली. एकीला दिसेना, तिला मोतीबिंदू होता. नियमाप्रमाणे सहाहीजणींना दिसायला हवी, म्हणून ते कलम तिच्या शस्त्रक्रियेपर्यंत लांबले आणि जी शस्त्रक्रिया ती पाच वर्षे पुढे ढकलत होती, ती दोन महिन्यांत झाली. म्हणजे चौथी खेपही झाली. १५६१ साली अकबराचे सैन्य आल्यावर रूपमतीने विष घेतले, असे सांगतात. मंडपात बसून आम्ही पोळीभाजी खाल्ली आणि त्या राणीला मैत्रिणी होत्या की नाही, यावर बराच वेळ बोललो. इतिहासाने बाजबहादूर नोंदला, वीणा नोंदली. सख्या नोंदल्या नाहीत.

आता सहावीविषयी सांगते. तिचे यजमान पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. बोलणे गेलेले, उजवी बाजू गेलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटावी लागते. यादी केली त्या दिवशीच ती म्हणाली होती, "मला यातून वगळा गं. तुम्ही जा, मला येऊन सांगा." पण सहाहीजणींचा नियम वहीच्या पहिल्याच पानावर लिहून झाला होता. तिला वगळले असते तर अठराही कलमे अडकली असती. मोलाची बाई ठेवावी, तर अनोळखी हात लागला की ते अस्वस्थ होत. मग आमच्या तिघींच्या यजमानांची पाळी लावली. निवृत्त माणसे, एक बँकेतले, एक पाटबंधारे खात्यातले, एक प्राध्यापक. यांपैकी कोणीही उभ्या आयुष्यात आजाऱ्याला पाणी पाजलेले नव्हते. तिने तिघांना समोर उभे करून शिकवले: मान किती उचलायची, चमचा कोणत्या बाजूने द्यायचा, उशी कोठे सरकवायची. चौथा गडी म्हणून ते 'या वयात काय हे' म्हणणारे चिरंजीव घेतले, कारण उचलायला तरुण खांदा हवा होता.

पहिल्या खेपेस तिला चार तास मिळाले, ते सराफ्याचे. त्या चार तासांत तिने सहा वेळा घरी दूरध्वनी केला. पाताळपाणीच्या वेळी दोनदा केला. मांडूच्या तिसऱ्या खेपेस केला नाही. आम्हीच आठवण केली. पुढे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे वही मिटून राहिली, सगळ्यांचेच जाणेयेणे थांबले होते. दारे उघडली तेव्हा आमच्याआधी ही पुरुषमंडळी तिच्या घरी जाऊन पोचली. आम्ही कोठे जायचे नसले तरी मंगळवारी जातात. रमी मांडतात. आजारी माणूस डाव्या हाताने पाने धरतो, आणि टाकायचे पान डोळ्यांनी दाखवतो. प्राध्यापकमहाशय सांगतात, की तो लबाडी करतो आणि पकडला गेला की हसतो. तो हसल्याचे त्याच्या पत्नीने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

या मैत्रिणीने वहीत तीन कलमे लिहिली होती. पहिले, रंगपंचमीच्या गेरमध्ये गच्चीवरून न पाहता रस्त्यावर उभे राहून भिजणे. ते झाले, राजवाड्यासमोर टँकरच्या फवाऱ्याखाली आमचे केस जे गुलाबी झाले ते पंधरा दिवस तसेच होते. दुसरे, तरणतलावाची एक रुंदी पोहून जाणे. तेही झाले, पण पोशाखावरून आमच्या घरांत जी चर्चासत्रे झाली त्यांचे इतिवृत्त येथे मुलांसमोर देत नाही. तिसरे कलम तिने सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात लिहिले होते: 'एक अख्खा दिवस कोणासाठीही काही न करणे.'

सतरा कलमे संपल्यावर गेल्या हिवाळ्यात आम्ही हे करायला महेश्वरला गेलो. अहिल्याबाईंची राजधानी, घाट रुंद, पाणी संथ, बसायला जागा भरपूर. रात्रीचा मुक्काम, म्हणजे पुरुषमंडळींची पाळी प्रथमच पूर्ण चोवीस तासांची. सकाळी सूर्य उगवल्यापासून तिला आम्ही घाटाच्या पायरीवर बसवले. चहा हातात आणून दिला. तिची साडी आम्ही वाळत घातली. दहाच्या सुमारास तिचे हात मांडीवर नुसते पडलेले पाहून मला कसेसेच झाले; ते हात रिकामे मी शाळेनंतर पाहिलेच नव्हते. बाराला ती झोपली. दोनला उठली, पाण्याकडे पाहत राहिली. पावणेतीनला आम्ही विणकरांकडे साड्या पाहून परतलो, तो पायरीवर ती नव्हती. चार पायऱ्या खाली भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या एका बाईचे तान्हे मूल हिच्या खांद्यावर निजले होते, आणि मोकळ्या हाताने हिचे शेंगांच्या पुड्या बांधणे चालू होते.

मी वहीत लिहिले: 'पावणेतीनपर्यंत. अपूर्ण.' तिने हरकत घेतली. ते माझ्या घरचे काम नव्हते, मला आवडले म्हणून केले, असे तिचे म्हणणे. मते घेतली. पाच विरुद्ध एक अशा मतांनी कलम अपूर्ण ठरले. येत्या मार्गशीर्षात पुन्हा महेश्वरला जायचे आहे. पाळीचा कागद तयार झाला आहे, फक्त मंगळवारच्या मंडळींनी एक निरोप पाठवला आहे: या खेपेस दोन रात्री राहून या, आमचा डाव एका रात्रीत संपत नाही.