खाशाबांच्या मागे गाव होते, बाजूला कोणी नव्हते
(मोरा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमिनीच्या प्रश्नावर बोलण्याआधी मी एका पैलवानाची आठवण काढणार आहे. मोरा बंदरात कराडच्या पैलवानाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे, ते शेवटी सांगतो.

१३ जानेवारी १९२६ रोजी आपल्या जासईत शेतकऱ्याच्या घरी दि. बा. पाटील जन्मले. दोनच दिवसांनी, १५ जानेवारीला, कराडजवळच्या गोळेश्वर गावी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. तालमीची माती त्यांना घरातच लाभली. १९४२ च्या चळवळीत हा शाळकरी पोरगा भूमिगतांच्या मदतीलाही धावला.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. आयुष्य मातीत खेळलेला माणूस तिथे प्रथमच गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशाची अडचण. सरकारकडे मागितलेली मदत वेळेत मिळेना. मग गोळेश्वरच्या लोकांनी घरोघर वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विचार करा, विद्यार्थ्यासाठी मास्तर घर गहाण टाकतो!

हेलसिंकीला काय झाले ते नीट ऐका. जपानच्या इशीबरोबर खाशाबांची कुस्ती बराच वेळ चालली आणि ते हरले. लगेच त्यांना रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या क्षणी आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेला गडी पुन्हा उतरला आणि हरला. तरीही कांस्यपदक घेऊनच आला. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, थांबावे लागले.

कराड स्टेशनवर गाव लोटला. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबा सत्कार घेत बसले नाहीत. कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवले. शेतकऱ्याच्या घरचे वळण ते हेच. घेतलेले विसरायचे नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढतीसाठी वर्षानुवर्षे थांबले. नोकरी केली, संसार केला, नव्या पोरांना डाव शिकवले. गोळेश्वरच्या घराला नाव दिले ‘ऑलिंपिक निवास’. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्यानंतर २३ वर्षे हा माणूस हयात होता. पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. हारतुरे आले, पण ते घालायला गळा राहिला नव्हता.

ते १९८४ साल आपण उरणकर कसे विसरू? त्याच वर्षी १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि पागोटे इथे आपले पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. दि. बां.च्या मागे हजारो माणूस उभा होता, म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले.

आता काम सांगतो. खाशाबांच्या मागे गाव होते, पण ऐन वेळी बाजूला कोणी नव्हते. नियम पुस्तकात होता, तो बोलून दाखवणारा माणूस नव्हता. आपलेही तसेच होते. मोजणीला एकटी विधवा उभी असते. सुनावणीला म्हातारा एकटाच जातो, कागदावर अंगठा देऊन येतो. हक्क कायद्यात असतो, पण तो तिथल्या तिथे मागणारा कोणी नसतो.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गावाने चार जाणती माणसे नेमावीत. मोजणी असो, सुनावणी असो, भूखंडाची सोडत असो, आपल्यातला कोणीही एकटा जाणार नाही. सोबत कागद वाचणारा माणूस जाईल. आणि गावची पोरगी किंवा पोरगा कबड्डीच्या, कुस्तीच्या निवडीला निघाला, तर वर्गणीही गावाची आणि सोबतही गावाची. या चौघांची नावे पुढच्या जिल्हा बैठकीत लिहून आणा.

पैलवान गेल्यावर पुतळा उभारणे सोपे असते. तो लढत असताना त्याच्या बाजूला उभे राहणे, हीच खरी आठवण. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो.

जय जवान, जय किसान!