पुढच्यास ठेच, मागचा शहाणा; पण पुढे जायचं कुणी?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे : आयुष्यात यश पुढाकार घेतल्याने मिळतं की मागे राहिल्याने? शाळेतल्या वादविवाद स्पर्धेसारखा विषय आहे. स्पर्धा असती तर मी पुढाकाराच्या बाजूने दहा मिनिटं बोललो असतो, तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या आणि आपण जेवायला गेलो असतो. पण तुमच्यातले बरेच जण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहेत, काही नुकतेच नोकरीला लागले आहेत. तुमच्यासाठी हा स्पर्धेचा विषय नाही, उद्या सकाळचा प्रश्न आहे. म्हणून मी आधी मागे राहण्याची बाजू मांडतो, आणि ती मनापासून मांडतो.

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ही म्हण खोटी नाही. मागे चालणाऱ्याला खड्डा कुठे आहे ते कळतं. आपल्या घरांमध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं जातं. 'पुढे पुढे करू नकोस.' 'आपण बरं, आपलं काम बरं.' 'जाने दो, हमको क्या.' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या ओळखीतल्या मुस्लिम इंजिनिअरांपैकी जवळपास प्रत्येकाला नोकरीच्या पहिल्या दिवशी घरून हाच सल्ला मिळालेला आहे : मान खाली घालून काम कर, राजकारणावर बोलू नकोस, कुणाच्या नजरेत येऊ नकोस.

या सल्ल्याला भित्रेपणा म्हणून हसू नका. तो अनुभवातून आलेला आहे. चार जणांनी मिळून तक्रार केली आणि त्यात एक नाव आपलं असलं, तर नेमकं तेच लक्षात राहतं, हे आपल्या आईवडिलांनी पाहिलेलं असतं. भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडे पडणारी शांतता तुम्हीही ऐकली असेल. आणि हेही मान्य करू या की हा सल्ला बऱ्याचदा चालतो. मान खाली घालून काम करणाऱ्याला बढती मिळते, घराचं कर्ज मिळतं, मुलांना चांगली शाळा मिळते. यश म्हणजे एवढंच असेल, तर मागे राहूनही ते मिळतं. मग भाषण इथेच संपायला हवं.

संपत नाही, कारण त्या म्हणीत दोन माणसं आहेत. आपण फक्त शहाण्याकडे बघतो. पुढे कुणी गेलंच नसतं, तर मागच्याला शहाणपण आलं कुठून असतं? मागे राहण्याचं यश हे उधारीचं यश आहे. ते कुणाच्या तरी ठेचेवर उभं असतं. एका माणसाला ही उधारी परवडते. सगळ्या समाजाने मागे राहायचं ठरवलं, तर रस्ता तिथेच थांबतो.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून आपल्याच घरातला इतिहास सांगतो. १८ एप्रिल १९६६ या दिवशी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा गेला. त्यात किती जणी होत्या? सात. सात मुस्लिम महिला. जबानी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आज एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात जण जमले तर आपण म्हणतो, प्रतिसाद मिळाला नाही, कार्यक्रम रद्द करू. त्या सात जणींनी रद्द केला नाही. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० ला, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. १९७७ मध्ये दलवाई गेले, वयाच्या ४४ व्या वर्षी. तोवर कायद्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. यशाच्या आपल्या नेहमीच्या व्याख्येत त्यांना बसवायचं म्हटलं, तर निकाल काय लागेल? अपयशी.

आता इंदूरला जाऊ. शाहबानो यांना १९७८ मध्ये, साठी ओलांडलेली असताना, त्यांच्या वकील नवऱ्याने तलाक दिला. पोटगीसाठी त्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टाने महिन्याला २५ रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ ला कायम केला. त्यानंतर देशभर जे वादळ उठलं ते तुम्हाला माहीत आहे. समाजाचा दबाव इतका आला की या बाईंनी स्वतःच तो निकाल नाकारल्याचं जाहीर केलं. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून निकालाची धार बोथट केली. पुढाकार घेणाऱ्या बाईच्या पदरात काय पडलं? ठेच.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. शाहबानो यांचे वकील दानियल लतीफी यांनी त्या १९८६ च्या कायद्यालाच आव्हान दिलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, पण त्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याने इद्दतच्या मुदतीतच पत्नीच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. म्हणजे जो कायदा हक्क काढून घेण्यासाठी आला असं वाटत होतं, त्याच कायद्यातून हक्क बाहेर निघाला. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात, पूर्णपीठाने सांगितलं की 'मी तलाक दिला आहे' असं कोर्टातल्या कैफियतीत लिहून दिल्याने तलाक सिद्ध होत नाही. त्याला कारण हवं, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सगळं पुराव्याने दाखवावं लागेल. पुढे उत्तराखंडमधल्या काशीपूरच्या शायराबानो कोर्टात गेल्या. त्यांना तलाक पत्राने आला होता. त्यांच्यासोबत आणखी काही महिला आणि संघटना उभ्या राहिल्या. २२ ऑगस्ट २०१७ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला.

१९६६ ते २०१७. एक्कावन्न वर्षं. आज एखाद्या मुलीला मोबाईलवर तीन शब्द आले आणि ती ठामपणे म्हणाली की याने माझं लग्न मोडत नाही, तर ती या रस्त्यावरची मागची शहाणी आहे. पुढे गेलेल्यांची नावंही कदाचित तिला माहीत नसतील. म्हणून 'पुढाकाराने यश मिळतं का' या प्रश्नाला माझं उत्तर आहे : मिळतं, पण ज्याने पुढाकार घेतला त्यालाच मिळेल याची हमी नाही. हे आधी मान्य करून पुढे व्हायचं असतं.

याच इतिहासात दुसराही धडा आहे. आपण मागे राहिलो म्हणजे निर्णय थांबतात असं नाही. ते दुसरं कुणी तरी घेतं. समाजातल्या जाणत्या लोकांनी १९६६ मध्ये, किंवा अगदी १९८५ मध्ये, स्वतः पुढे येऊन ही प्रथा बंद केली असती, तर ती सुधारणा आपल्या शब्दांत झाली असती. २०१९ च्या कायद्यात तिहेरी तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती योग्य की अयोग्य, याबद्दल आपल्या या सभागृहातही दोन मतं असतील. पण तो मसुदा लिहिताना आपल्याला कुणी विचारलं नाही, ही तक्रार करण्याआधी हेही बघावं लागेल की पन्नास वर्षं आपल्यातल्या बहुसंख्यांनी मागे राहणंच पसंत केलं होतं. मागे राहणारा आपलं पेन दुसऱ्याच्या हाती देतो.

आता पुढाकार म्हणजे काय, याबद्दल थोडं. मोर्चा, माईक, कोर्ट एवढाच पुढाकार असतो असं वाटलं तर आपल्यातले शंभरातले नव्वद जण घरी बसतील. भिवंडीचं उदाहरण घ्या. १९७० आणि १९८४ या दोन मोठ्या दंगली त्या गावाने पाहिल्या. १९८४ नंतरच्या काही वर्षांत तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही, साधी माणसं, पोलिसांसोबत नियमित बसायची. विषय काय? नळाचं भांडण, वाहन लावण्यावरून बाचाबाची, पोरांची मारामारी. दंगल नसलेल्या दिवशीचं हे कंटाळवाणं काम होतं. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांत चहा पीत बसलेल्या माणसांना कुणी नेता म्हटलं नसेल. तरी तो पुढाकारच होता. अफवा आल्यावर फोन कुणाला करायचा, हे त्यांनी अफवा येण्याआधी ठरवून ठेवलं होतं.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण सांगतो. एका प्रकल्पात आमच्याकडे नोंदणीचा एक फॉर्म होता. त्यात आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि नावात टिंब चालत नव्हतं. म्हणजे 'मो.' लिहिणारा अडकला, आणि जिच्या आधार कार्डावर नुसतंच 'शबाना' आहे तीही अडकली. ही चूक टीममधल्या पाच जणांना दिसली होती. पाचही जणांनी धरून चाललं की दुसऱ्याने नोंदवली असेल. मी ती नोंदवली, सोबत अडकणाऱ्या नावांची यादी दिली. दोन दिवसांत दुरुस्त झाली. कुणी माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही, उलट तमिळ सहकारी म्हणाला, आमच्याकडेही आडनाव नसतं. यात शौर्य काही नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्यांना दिसणारी चूक सगळ्यात जास्त दिवस टिकते. आपल्या मोहल्ल्यातलं तुंबलेलं गटार त्याच कारणाने तुंबलेलं असतं.

आणि याच धंद्यात मी मागे थांबायलाही शिकलो. रात्री सर्व्हर बंद पडला की सगळे एकदम त्यात हात घालतात आणि बिघाड वाढवतात. म्हणून नियम असतो : एक जण सूत्रं हाती घेईल, बाकीचे तो सांगेल तेवढंच करतील. इथे मागे थांबणं हेच काम असतं. आपल्या भाषेत यासाठी छान फरक आहे. मागे राहणं वेगळं आणि पाठीशी उभं राहणं वेगळं. मागे राहणारा बघत असतो. पाठीशी उभा राहणारा पुढच्याला ठेच लागली तर त्याला धरतो. शाहबानो यांच्या मागे पुष्कळ लोक होते. पाठीशी फार थोडे होते.

हे विशेषतः मुलांना सांगतो. आपल्या संघटनांत पुढाकार घ्यायची सवय पुरुषांना पटकन लागते. बैठक महिलांच्या प्रश्नावर असते आणि माईक आपल्या हातात असतो. अशा वेळी खुर्ची रिकामी करणं, सतरंज्या घालणं, रिक्षाची सोय करणं, हाच आपला पुढाकार.

मग उद्या करायचं काय? दोन दारं सांगतो, दोन्ही उघडी आहेत. पहिलं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला. तुमच्या जवळच्या नगरपालिकेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत ही समिती कागदावर नक्की असेल. तिची बैठक शेवटची कधी झाली, ते विचारा. तुमची भाभी, तुमची आपा तिथे पालक आहे. तिला सदस्य व्हायला सांगा आणि पहिल्या बैठकीला तिच्यासोबत जा. दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आमच्या वस्तीच्या गटारासाठी किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, एवढंच विचारायचं. एकट्याचं नाव पुढे येण्याची भीती वाटते ना? मग दहा जणांनी दहा अर्ज करा. भीती अशी वाटून घेता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पुढाकाराने भेदभाव आपोआप संपत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांचा लोकसंख्येतला वाटा १३.४ टक्के आणि भारतीय प्रशासकीय सेवेतला वाटा ३ टक्के दाखवला आहे. हा फरक केवळ मुलांनी हात वर केला नाही म्हणून पडलेला नाही. कुणी तुम्हाला म्हणालं की तुम्ही मेहनत करत नाही म्हणून मागे आहात, तर ते मान्य करू नका. आणि कुणी म्हणालं की व्यवस्थाच विरोधात आहे तर मेहनत कशाला, तर तेही मान्य करू नका. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तकदीर आणि तदबीर यांचं भांडण आपल्या परंपरेने तेव्हाच मिटवलं आहे. दोरी आपल्या हातात आहे.

तेव्हा घरी गेल्यावर आईला सांगा की तुझा सल्ला बरोबर आहे, मी उगाच पुढे पुढे करणार नाही. पण जिथे सगळ्यांना खड्डा दिसतो आहे आणि कुणीच बोलत नाही, तिथे मी बोलेन. आणि दुसरं कुणी आधी बोललं, तर मी त्याच्या पाठीशी उभा राहीन. या दोन गोष्टींपैकी एक करणं प्रत्येकाला जमतं.

प्रश्न असतील तर विचारा. पहिला प्रश्न कोण विचारतंय, त्याची मी वाट बघतो.