मालबोर्क: लाल विटांचा गड

उत्तर पोलंडमध्ये नोगात नदीच्या काठी मालबोर्कचा विटांचा विशाल किल्ला आहे. ट्यूटॉनिक या लढवय्या धर्मसंघाच्या प्रमुखाने १३०९मध्ये व्हेनिस सोडून इथे मुक्काम हलवला. गडाच्या भरभराटीच्या काळातली मला सर्वांत विलक्षण वाटते ती इथली ऊब! तळघरातल्या भट्टीत दगड तापवत आणि त्यांवरून आलेली गरम हवा फरशीतल्या झाकणांच्या छिद्रांतून दालनांत सोडत. उन्हाळी भोजनगृहाचं अख्खं कमानदार छत तर एकाच दगडी खांबावर तोललेलं आहे. १४१०चा वेढा किल्ल्याने परतवला. पुढे पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनीच तो पोलंडच्या राजाला विकला. १९४५च्या लढाईत निम्म्याहून अधिक वास्तू ढासळली. पोलिश कारागिरांनी ती चिकाटीने उभारली, २०१६मध्ये गडावरचं चर्चही पुन्हा खुलं झालं.