उसाच्या पेरातले बिऱ्हाड

हरभरा, तूर किंवा भुईमूग उपटून पाहिला म्हणजे त्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र बांधून पिकाला पुरवितात. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली ते वेगळे करून दाखविले. उसाच्या मुळांवर मात्र अशा गाठी नाहीत. ऊस पडला गवताच्या कुळातला. तेव्हा त्याने नत्रासाठी खताच्या पोत्याकडेच पाहावे, असे बहुतेक जण धरून चालले होते.

ब्राझीलमधील उसाने या समजुतीला धक्का दिला. तेथील पुष्कळ मळ्यांत वर्षानुवर्षे ऊसच घेतला जाई. नत्रखत बेताचे, तरी ना उत्पन्न ढासळले, ना जमीन निःसत्त्व झाली. तोडणीबरोबर दर वर्षी नत्र शेताबाहेर जातो; मग तो भरून निघतो कोठून?

योहाना डोबेरायनर या विदुषीने हा प्रश्न धसास लावला. १९२४ साली चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या, महायुद्धानंतर निर्वासित झालेल्या आणि म्यूनिकला शेतीशास्त्र शिकलेल्या डोबेरायनर ब्राझीलमध्ये स्थायिक झाल्या व रिओ द जानेरोजवळच्या संशोधनकेंद्रात त्यांनी उभी हयात घालविली. नत्र बांधणारे विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. म्हणून जिवाणू वाढविण्यासाठी त्यांनी खिरीसारखे अर्धवट दाट, नत्ररहित अन्न योजिले. त्यात जिवाणू आपल्याला मानवेल तितकाच प्राणवायू पोहोचतो अशा खोलीवर जाऊन बसतात आणि पृष्ठभागाखाली पातळ साय धरतात. उसातील जिवाणूसाठी या अन्नात शेकडा दहा साखर व थोडा उसाचा रसही घातला. पाहुण्याला त्याच्या घरचेच जेवण वाढले म्हणा ना!

या उपायाने सापडलेल्या जिवाणूचे वर्णन काव्हालकान्ते आणि डोबेरायनर यांनी १९८८ साली, म्हणजे बायरिंकनंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध केले. त्याला ॲसेटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हे नाव मिळाले. पुढे ते बदलून ग्लुकोनॲसेटोबॅक्टर झाले. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचा हा भाऊबंद. मुळांत, खोडात, पानांत पेशींच्या मधल्या फटींतून तो नांदतो, आणि ऊस आजारी पडत नाही. जमिनीत एकटा तो फार काळ तगत नाही. पण उसाची लागण बियांनी होत नसून टिपऱ्यांनी होते, त्यामुळे बेण्याबरोबर हे बिऱ्हाडही पुढच्या पिकात जाते.

भाडे म्हणून तो नुसता नत्रच देतो असेही नाही. मुळांची वाढ करणारी संप्रेरके तो निर्माण करतो, आणि प्रयोगशाळेत तरी लाल कूज रोगाच्या बुरशीला तो आवर घालतो.

तथापि उसाच्या नत्रापैकी किती हिस्सा या जिवाणूचा, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकवाक्यता नाही. उसात असे इतरही जिवाणू आहेत. शिवाय जात बदलली, जमीन बदलली की हिशेब बदलतो. ब्राझीलला हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. १९७५ पासून त्या देशाने मोटारींसाठी उसापासून मद्यार्क करण्याची मोठी योजना हाती घेतली. नत्रखत कारखान्यात करायला पुष्कळ इंधन खर्ची पडते. तेच खत उसावर ओतून त्यापासून इंधन काढायचे, तर हाती काय उरणार?

महाराष्ट्रातही आता लागणीपूर्वी टिपऱ्या ॲसेटोबॅक्टरच्या द्रावणात बुडविण्याची शिफारस केली जाते. पण येथे एक अडचण आहे. भरपूर नत्रखत दिलेल्या उसात या जिवाणूची वस्ती रोडावते, असे प्रयोगांत आढळले आहे. एका हाताने द्रावण आणि दुसऱ्या हाताने युरियाची रास, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

ऊतिसंवर्धनाने केलेल्या रोपांची गोष्ट आणखी निराळी. रोग टाळण्यासाठी ती निर्जंतुक बाटलीत वाढवितात. त्यात रोगजंतूंबरोबर हे सोबतीही सुटतात. ब्राझीलमध्ये अशा रोपांना पाच प्रकारच्या जिवाणूंचे मिश्रण देऊन पाहिले. काही जातींत लाभ झाला, काहींत झाला नाही. आणि चांगला गुण आला तो हलक्या, खत न दिलेल्या जमिनीत.